हवेच्या दाबावर उभा राहणारा पंख

[दृश्य: मावळातली उघडी टेकडी, मार्चमधली दुपार. गवतावर पसरलेलं पॅराग्लायडर. कॅमेरा कापडावरून दोऱ्यांकडे सरकतो.]

निवेदन:

एकट्या पायलटचं हे पॅराग्लायडर. साधारण पंचवीस चौरस मीटर नायलॉनचं कापड, वजन चार-पाच किलो. हा पंख असला तरी त्याला सांगाडा नाही. पुढच्या कडेला प्लॅस्टिकच्या बारीक तारा असतात, पण त्या फक्त तोंडाचा आकार धरतात. वरचं आणि खालचं कापड आतल्या पडद्यांनी जोडून कप्पे केलेले आहेत आणि समोरच्या कडेला त्यांची तोंडं उघडी आहेत. पंख पुढे सरकला की या तोंडांतून हवा आत शिरते, कप्पे फुगतात, त्या दाबानं कापड ताठ होतं आणि ते विमानाच्या पंखासारखं काम करू लागतं. दाब गेला की उरतं फक्त कापड. या खेळातली सगळी कौशल्यं, सगळे नियम आणि बहुतेक अपघात या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

खाली ज्या दोऱ्या दिसतात त्या डायनीमा किंवा अरामिड या मजबूत कृत्रिम धाग्यांच्या. काही तर जेमतेम एक मिलिमीटर जाड. त्यांच्या रांगांना पुढून मागे ए, बी, सी अशी नावं आहेत. प्रत्येक रांगेतल्या दोऱ्या खाली एकत्र येत येत रायझर नावाच्या पट्ट्यांना मिळतात आणि रायझर पायलट ज्यात बसतो त्या हार्नेसला. सर्वात मागच्या कडेला जातात त्या ब्रेकच्या दोऱ्या. उजवा ब्रेक ओढला की उजवीकडे वळण, दोन्ही ओढले की वेग कमी.

तो वेगही नीट समजून घ्यायला हवा. शिकाऊ पंख ब्रेक न ओढता ताशी सदतीस-अडतीस किलोमीटरनं उडतो. ब्रेक ओढत ओढत ताशी बावीस-पंचवीसच्या खाली आणला, तर तो उडणं थांबवतो. याला स्टॉल म्हणतात. पायानं स्पीडबार, म्हणजे वेग वाढवणारा दांडा, दाबला तर फार फार तर पंचेचाळीसच्या आसपास. म्हणजे समोरून ताशी चाळीसचा वारा असेल तर स्पीडबार न दाबता हा पायलट पुढे जाणारच नाही. तोंड पुढे असूनही तो मागे, डोंगराच्या पाठीकडे ढकलला जाईल. म्हणूनच नवशिक्यानं पंधरा-अठराच्या वर वारा असेल तर उडायचं नाही आणि सरावलेले पायलटही पंचवीसच्या पुढे पंख घडी करून ठेवतात.

[दृश्य: जुनी छायाचित्रं, फ्रेंच आल्प्स.]

पायाने पळत जाऊन डोंगरावरून उडायची ही रीत तशी अलीकडची. फ्रान्समधल्या मियुसी गावाजवळ जून १९७८ मध्ये झां-क्लोद बेतांप, आंद्रे बोन आणि जेरार बोसाँ या तीन पॅराशूटवाल्यांनी चौकोनी पॅराशूट घेऊन उतारावरून धाव घेतली. विमानाच्या भाड्याचा खर्च वाचवणं, हा त्यांचा हेतू. ते पॅराशूट खाली उतरण्यासाठीच बनलेलं होतं, त्यामुळे फार लांब जात नव्हतं. आजचा साधा शिकाऊ पंखसुद्धा स्थिर हवेत एक मीटर खाली येईपर्यंत आठ-नऊ मीटर पुढे जातो.

[दृश्य: टेक-ऑफ. पायलट हेल्मेटचा पट्टा, मग मांड्यांचे पट्टे चाचपतो.]

उडण्याआधीची तपासणी पाच गोष्टींची असते, आणि ती दर वेळी त्याच क्रमाने करायची. हेल्मेट. हार्नेसचे बकल, आधी मांड्यांचे, मग छातीचा. रायझर आणि दोऱ्या, कुठे पीळ किंवा गाठ नाही ना. पंख पूर्ण उघडा आहे ना. शेवटी वारा आणि समोरचं आकाश. यातला मांड्यांच्या पट्ट्याचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण जीव घेणारी चूक तीच आहे. पट्टे न लावता धावलं, तरी पायलट उडतो. हवेत गेल्यावर मात्र तो हार्नेसमधून खाली घसरतो आणि काखांत अडकून लोंबकळतो. तिथून वर चढून बसणं जवळपास अशक्य. बऱ्याच नव्या हार्नेसमध्ये छातीचा आणि मांड्यांचा पट्टा एकमेकांना जोडलेला असतो, तो याच कारणासाठी.

वारा बरा असेल तर पायलट पंखाकडे तोंड करून उभा राहतो. ए रायझर ओढले की पंख वर येतो. तो डोक्यावर पोचता पोचता ब्रेकनं थोपवायचा, नाहीतर पुढे झेपावून समोर कोसळतो. मग एक नजर: पूर्ण फुगलाय, दोऱ्या मोकळ्या आहेत, कडा दुमडलेली नाही. तेव्हाच वळायचं, छाती पुढे टाकायची आणि पळायचं. जोराच्या वाऱ्यात पंख वर येताना माणसालाच खेचतो. तेव्हा पंखाच्या दिशेनं दोन पावलं चालून तो जोर जिरवायचा. काहीही खटकलं तर सी रायझर ओढून पंख जमिनीवर पाडायचा. पंख पाडता येत नाही तोवर उडवूही नये, असं चांगले प्रशिक्षक सांगतात, आणि त्यासाठी सपाट मैदानावर तासन् तास पंख नुसता डोक्यावर धरून ठेवायला लावतात. कंटाळवाणा सराव आहे. पण हवेत पंखाशी जे बोलायचं असतं, ते सगळं हात इथेच शिकतात.

टेक-ऑफवरची सर्वात नेहमीची चूक म्हणजे लवकर बसणं. पाय हलके झाल्यासारखे वाटले की माणूस उडी मारून हार्नेसमध्ये बसतो. त्या क्षणी दोऱ्यांवरचं वजन कमी होतं, पंख पुढे निघून जातो, आणि माणूस दगडांवर बसकण मारतो. मणक्याला मार लागतो तो असा. हिमाचलात बिलिंगसारख्या ठिकाणी टेक-ऑफच साधारण चोवीसशे मीटरवर आहे. तिथली हवा विरळ, म्हणून धाव आणखी जोरात आणि लांब घ्यावी लागते. २०१५ मध्ये पॅराग्लायडिंगचा वर्ल्ड कप तिथेच झाला होता.

[दृश्य: आकाशात घिरट्या घेणाऱ्या दोन घारी. त्यांच्याच वर्तुळात एक लाल पंख.]

हवेत गेल्यावर पंख सतत खाली येत असतो, सेकंदाला साधारण एक मीटर. वर जायचं तर त्याहून वेगानं वर चढणारी हवा शोधायची. डोंगरावर आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यात पायलट कड्यासमोर येरझाऱ्या घालत तासभर राहू शकतो. दुसरी चढती हवा म्हणजे थर्मल. नांगरलेली काळी जमीन, उघडा कातळ, भात कापलेली खाचरं आजूबाजूच्या हिरवाईपेक्षा लवकर तापतात. त्यांच्यावरची हवा गरम होते, हलकी होते आणि एखाद्या बांधापाशी किंवा झाडांच्या रांगेपाशी जमीन सोडून वर निघते. घारी पंख न हलवता चढतात, त्या याच खांबात. पायलटच्या कानाशी व्हॅरिओ नावाचं यंत्र असतं. चढ सुरू झाला की ते टिकटिकतं, चढ वाढला की टिकटिक जलद होते. ज्या बाजूनं पंख उचलला जाईल त्या बाजूला वळायचं आणि पंधरा-वीस सेकंदांचं एकेक वर्तुळ काढत गाभ्यात राहायचं.

पण हवा वर जाते, तिथेच शेजारी ती खालीही येते. थर्मलच्या कडेवर पंखाचा अर्धा भाग चढत्या आणि अर्धा उतरत्या हवेत सापडतो. उतरती हवा पंखाच्या वरच्या अंगावर पडली, की ती बाजू दुमडते. याला कोलॅप्स म्हणतात.

[दृश्य: संथगतीत कोलॅप्स. उजवा अर्धा पंख कापडासारखा लोंबतो, पंख उजवीकडे वळू लागतो.]

आता काय करायचं? वजन उघड्या बाजूकडे टाकायचं. उघड्या बाजूचा ब्रेक थोडासा ओढून दिशा सांभाळायची. दिशा सावरली की मग दुमडलेल्या बाजूचा ब्रेक एकदा खोल ओढून सोडायचा. आतली हवा ढकलली जाते आणि कप्पे उघडतात. क्रम हाच. घाबरलेला पायलट उलट करतो: दोन्ही ब्रेक कंबरेपर्यंत खेचतो. त्यानं उघडी असलेली बाजूही स्टॉल होते आणि जी गोष्ट तीन सेकंदांत मिटली असती ती गरगर फिरणारं संकट होते. युरोपीय चाचणीत नवशिक्यांसाठीचा ए वर्ग मिळवणारा पंख पायलटनं काहीच न करता स्वतः उघडावा लागतो. म्हणून नवशिक्याला पहिला धडा मिळतो तो हात वर सोडण्याचा.

दुमडलेलं टोक दोऱ्यांत अडकलं तर मात्र गोष्ट वेगळी. पंख त्या बाजूला झुकून गोल गोल खाली येऊ लागतो, वेग वाढतो, शरीराचं वजन तिप्पट झाल्यासारखं वाटतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. तिथे विचार करत बसायला वेळ नाही; रिझर्व्ह, म्हणजे संकटासाठीचा राखीव पॅराशूट, काढायचा. हँडल पाहा, पकडा, बाहेर खेचा आणि मोकळ्या हवेत, पंखापासून लांब, जोरात फेका. नुसता सोडला तर तो मुख्य पंखात गुंतण्याची भीती असते. उघडल्यावर मुख्य पंखाच्या सी दोऱ्या किंवा ब्रेक ओढून तो निकामी करायचा, नाहीतर दोन कापडं एकमेकांना ओढत विरुद्ध दिशांना ताणतात आणि खाली येण्याचा वेग वाढतो. प्रमाणित रिझर्व्ह सेकंदाला साडेपाच मीटरपेक्षा जास्त वेगानं खाली येऊ देत नाही. हा वेग दीड मीटर उंचीवरून उडी मारण्याएवढा. गुडघे किंचित वाकलेले, पाय जुळवलेले, आणि जमिनीला टेकताच अंग लोळवून द्यायचं.

रिझर्व्ह वर्षातून एकदा तरी उघडून, वाळवून, पुन्हा घडी करायलाच हवा. कोकणघाटाच्या दमट हवेत कापडाच्या घड्या एकमेकींना चिकटतात आणि दोऱ्या धरून ठेवणारे रबर चिकट होतात. मुख्य पंखाचंही तसंच आहे. ऊन नायलॉनला खातं. कापडातून हवा झिरपू लागते. मागच्या दोऱ्यांवर भार कमी असतो, त्यामुळे डायनीमाच्या दोऱ्या हळूहळू आखडतात. पंख थोडा मागे कलतो, वर यायला आळस करतो आणि स्टॉलच्या जवळ उडू लागतो. बाहेरून पाहता पंख नव्यासारखाच दिसतो. मोजमाप केल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून जुना पंख स्वस्तात मिळतोय एवढ्यावर कुणी घेऊ नये.

[दृश्य: फुगत जाणारा पांढरा ढग, तळ काळवंडलेला.]

वरची हवा किती ताकदीची असते, याचं सर्वात भयंकर उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या मनिला गावचं. फेब्रुवारी २००७ मध्ये जागतिक स्पर्धेआधीच्या सरावात एव्हा विश्नियेर्स्का या पायलटला वादळी ढगानं आत ओढलं. तिच्या उपकरणात नोंदलेली कमाल उंची होती ९,९४६ मीटर. वर ती बेशुद्ध पडली, अंगावर बर्फ जमला, आणि पंख मात्र उघडा राहिला. शुद्धीवर येऊन ती उतरली, वाचली. त्याच वादळात सापडलेला चिनी पायलट ह चोंगपिन मात्र मरण पावला. ढगाखालून निसटण्याचे उपाय पायलटकडे असतात: पंखाची टोकं दुमडून स्पीडबार दाबला की सेकंदाला तीन-चार मीटर खाली येता येतं, बी रायझर ओढून सात-आठ मीटर. ढग त्याहून दुपटीनं वर खेचत असेल, तर हे सगळं अपुरं पडतं. म्हणून तो निर्णय ढग वाढताना, लांबूनच घ्यायचा असतो.

आणि तरीही माणसं जातात, पूर्ण तयारीनिशी. २०१६ मध्ये फ्रेंच पायलट आंत्वान जिरार काराकोरममध्ये ब्रॉड पीकच्या माथ्याच्याही वर, ८,१५७ मीटर उंचीवर उडाला. २००३ पासून आल्प्समध्ये दर दोन वर्षांनी एक्स-आल्प्स ही शर्यत होते: शेकडो किलोमीटर, फक्त पायी किंवा उडत, पंख पाठीवर. स्वित्झर्लंडच्या क्रिस्तियान माउररनं ती २००९ ते २०२३ सलग आठ वेळा जिंकली. हा माणूस वेगवान आहेच, पण त्याची खरी ताकद हवा वाचण्यात आहे. कुठे चालत जायचं हे त्याला नेमकं कळतं.

[दृश्य: उतरण्याचं शेत. वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक. एक पायलट शेवटचं वळण घेतो.]

उतरताना वाऱ्याला तोंड द्यायचं. शेवटच्या वीस मीटरमध्ये ब्रेक सोडून वेग ठेवायचा, कारण जमिनीलगत वारा मंद होतो आणि हळू चाललेला पंख तिथे एकदम खाली बसतो. जमीन माणसाच्या उंचीएवढी राहिली की दोन्ही ब्रेक पूर्ण ओढायचे. विजेच्या तारा उन्हात दिसत नाहीत; खांब दिसले की त्यांच्यामध्ये तार आहेच असं धरून चालायचं. आणि टेकडीच्या पाठीमागे कधीच उतरायला जायचं नाही. वारा माथा ओलांडून तिथे भोवऱ्यासारखा फिरतो. मावळात दुपारनंतर कोकणातून वर चढलेला वारा जोर धरतो, तेव्हा सकाळी शांत असलेलं तेच शेत या भोवऱ्यात येतं.

[दृश्य: दोघांसाठीचा मोठा पंख. पुढे पाहुणा, मागे पायलट.]

कामशेत, पाचगणीला बहुतेक लोक पहिल्यांदा उडतात ते असे, पायलटसोबत. ऑक्टोबर ते मे हा हंगाम. पावसाळ्यात उड्डाण नाही. पैसे देण्याआधी पायलटला टँडेमचा, म्हणजे दोघांच्या उड्डाणाचा, परवाना आणि रिझर्व्हच्या शेवटच्या घडीची तारीख विचारा. चांगला पायलट दोन्ही दाखवतो. वारा वाढला म्हणून त्यानं थांबायला सांगितलं, तर घाई करू नका, दुसऱ्याकडेही जाऊ नका. मांड्यांचे पट्टे स्वतः हातानं चाचपा. पायात घोटा धरणारे बूट हवेत, चपला-सँडल नकोत. आणि पायलट ‘पळा’ म्हणाला की पाय जमिनीवरून सुटले तरी पळत राहायचं. बसायचं ते त्यानं सांगितल्यावरच.