एकट्या शिक्षकाला शेजार हवा

मित्रहो,

आम्ही काही शिक्षक, सगळे छोट्या शाळांमधले, महिन्यातून एकदा ऑनलाइन भेटतो. अशाच एका बैठकीत एका बाईंनी फार जड आवाजात सांगितलं, की शाळेतले चारही संगणक आता मोडीत काढायचे ठरलंय. इंटरनेटची जोडणी आहे, पण कुठलंही संकेतस्थळ उघडायला गेलं की 'ही जोडणी सुरक्षित नाही' अशी सूचना येते. दुरुस्तीवाला येऊन बघून गेला आणि म्हणाला, यंत्रं जुनी झाली, नवीन घ्या.

क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मग दुसऱ्या एका शाळेतल्या सरांनी विचारलं, "बाई, पडद्याच्या कोपऱ्यात तारीख काय दिसते?" त्या उठून बघून आल्या. तारीख कित्येक वर्षं मागची होती.

संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. सीआर2032 म्हणतात तिला, 3 व्होल्टची. ती संपली, की वीज गेल्यावर संगणक तारीख विसरतो. संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांना मुदत असते. संगणकाला भलतंच वर्ष चालू आहे असं वाटत असेल, तर त्याला ती प्रमाणपत्रं अवैध दिसतात आणि तो दार लावून घेतो. बाईंनी चार बॅटऱ्या बदलल्या, तारीख-वेळ लावली आणि चारही संगणक पुन्हा वर्गात आले.

त्या सरांना हे ठाऊक होतं, कारण त्यांच्याकडे नेमकं हेच झालं होतं. मोठ्या शाळेत असा माणूस शेजारच्या वर्गात सापडतो. छोट्या शाळेत शेजारचा वर्गच नसतो. एक शिक्षक, फार तर दोन. तेच तीन-चार इयत्ता एकत्र शिकवणार, तेच हजेरी भरणार, तेच अहवाल पाठवणार आणि प्रोजेक्टर बंद पडला की तेच त्याच्याकडे बघत उभे राहणार. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की छोट्या शाळेत तंत्रज्ञान बंद पडतं ते बहुतेक वेळा विचारायला कुणी नसतं म्हणून. पैशाचा प्रश्न त्याच्या नंतर येतो.

शाश्वतता हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. एक पर्यावरणाचा, दुसरा टिकून राहण्याचा. छोट्या शाळेत हे दोन्ही अर्थ एकाच यंत्रात येऊन भेटतात. लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो बनवतानाच झालेला असतो. त्यानंतर आपण वर्गात तो चालवतो, ती वीज त्यामानाने थोडी. म्हणजे आहे तोच लॅपटॉप आणखी तीन वर्षं चालवणं ही पर्यावरणाची फार मोठी सेवा आहे. 2022 साली जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला एक चतुर्थांशही रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद नाही. त्या ढिगात बाईंचे चार संगणक जाणार होते, एका नाण्याएवढ्या बॅटरीपायी.

हीच गोष्ट आता सॉफ्टवेअरमुळेही घडतेय. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 या संगणकप्रणालीला कंपनीकडून मिळणारी नेहमीची सुरक्षा-अद्यतनं थांबली, आणि अनेक जुनी यंत्रं विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. अशी धडधाकट यंत्रं लिनक्स या मोफत संगणकप्रणालीवर वर्षानुवर्षं चालू शकतात. पण एकट्या शिक्षकाने रात्री घरी बसून, मनात धाकधूक घेऊन लिनक्स टाकायचं, की चार अनुभवी लोक समोर ऑनलाइन बसलेले असताना टाकायचं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी दुसऱ्या मार्गाने टाकलं. पहिला मार्ग माझ्याच्याने झाला नसता.

यंत्रं वाटली की शिक्षण सुधारेल, हा समज जगाने मोठ्या प्रमाणावर तपासून पाहिलाय. 2005 मध्ये निकोलस नेग्रोपोंटे यांनी 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही कल्पना जगापुढे मांडली. पेरू देशाने 8 लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. तिथल्या 319 ग्रामीण शाळांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत सुधारणा झाल्याचा पुरावा मिळाला नाही. मुलांच्या हाती यंत्र पोचलं होतं, पण त्याचा धड्याशी सांधा जुळवणारी शिक्षकाची तयारी तोकडी पडली होती.

याच्या अगदी उलट गोष्ट त्याच खंडातल्या कोलंबियाची. तिथे 1970 च्या दशकात बहुवर्गीय ग्रामीण शाळांसाठी 'एस्क्वेला नुएवा' ही पद्धत उभी राहिली. तिच्यात मुलांनी स्वतः शिकायच्या पुस्तिका होत्या. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्यांची 'मायक्रोसेंटर' ही रचना. आसपासच्या शाळांतले शिक्षक ठरावीक काळाने एकत्र बसायचे, एकमेकांच्या अडचणी ऐकायचे आणि एकमेकांचे वर्ग बघायचे. आपण ऑनलाइन जे करू पाहतोय, त्याचं मूळ तिथे आहे. फक्त आपल्याला त्यासाठी प्रवास करावा लागत नाही.

आता बैठक कशी असावी, याविषयी थोडं. चित्र बंद ठेवा, आवाज चालू ठेवा. नुसत्या आवाजाला डेटा फारच कमी लागतो, आणि ज्याची जोडणी सगळ्यात कमकुवत त्याला बैठकीत टिकता आलं पाहिजे. काही दाखवायचं असेल तेवढ्यापुरता कॅमेरा सुरू करा. यशोगाथा ऐकायला बरं वाटतं, पण उपयोग होतो तो बिघाडाच्या गोष्टींचा. एकाने लिहून घ्यायचं: काय बंद पडलं, काय करून पाहिलं, कशाने चालू झालं. आमच्याकडची ही वही मला कुठल्याही प्रशिक्षण पुस्तिकेपेक्षा मोलाची वाटते.

त्या वहीतली एक नोंद वाचून दाखवते. एका शाळेतला टॅबलेट टेबलावर सपाट बसेना, पाठ फुगली होती. वापरणारे म्हणाले, चालतोय की! आमच्यातल्या एका ताईंनी त्यांना तिथल्या तिथे थांबवलं. लिथियम बॅटरीत वायू साठला की ती फुगते, मग ती दाबली किंवा टोचली तर पेट घेऊ शकते. चार्जिंग लगेच बंद करायचं, टॅबलेट मुलांपासून आणि कागदांपासून लांब ठेवायचा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायचा. कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही. ही माहिती वेळेवर कानावर पडली, याचं मोल मी कसं सांगू?

आणखी एक प्रश्न सतत विचारत राहा, विशेषतः कुणी भेट म्हणून काही देऊ करतं तेव्हा: हे बिघडलं तर कोण बघणार? सौर पॅनेल 25 वर्षं चालतात, पण त्यांच्या जोडीची लेड-अ‍ॅसिड बॅटरी काही वर्षांतच दम तोडते. तिच्यातलं पाणी कोण बघणार, नवीन बॅटरी कुठून येणार, हे पहिल्याच दिवशी ठरलं नाही, तर पॅनेल छतावर चकाकत राहतात आणि वर्गात अंधार. इंटरनेटचंही तसंच. रास्पबेरी पायसारख्या हाताच्या तळव्याएवढ्या, जेमतेम काही वॅट खाणाऱ्या संगणकावर कोलिब्री किंवा किविक्स हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं, तर अख्खा विकिपीडिया आणि शेकडो धडे इंटरनेटशिवाय वर्गात उघडतात. असं काही आधीच कुणी चालवत असेल, तर त्याच्याशी आधी बोला. खरेदी मागाहून.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने कपाटातली एक बंद पडलेली वस्तू घेऊन बसावं, ही माझी विनंती आहे. फुगलेली बॅटरी मात्र हलवू नका, तिचं नुसतं सांगा. बाकी काहीही चालेल. मागच्या बाजूच्या मॉडेल क्रमांकावरची धूळ आधीच पुसून ठेवा, आणि कॅमेऱ्यासमोर उजेडात धरा.