परतीच्या दिवसांतले नांदूर मध्यमेश्वर

श्रोतेहो, निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात पक्षी पाहणाऱ्यांची गर्दी डिसेंबर-जानेवारीत उसळते आणि फेब्रुवारी सरता सरता ओसरते. थवेच्या थवे पाहायचे असतील तर ते योग्यच आहे. परंतु पक्षी ओळखायला शिकायचे असेल, तर माझ्या मते हिवाळ्यापुरते आलेले पाहुणे पक्षी परतीच्या तयारीला लागतात ते फाल्गुनातले दिवस अधिक उपयोगाचे.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बंधारा झाला, त्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला आणि उथळ पाणी, बेटे व पाणवनस्पती यांची ही पाणथळ तयार झाली. 1986 मध्ये तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि 2020 च्या जानेवारीत राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून तिचे नाव जाहीर झाले.

आता ओळखीकडे वळू. पाहुणी बदके शरदात येतात तेव्हा विणीनंतर नरांची रंगीत पिसे गळून गेलेली असतात, त्यामुळे नर-मादी सारखेच मातकट दिसतात आणि नवशिक्याची पुरती दमछाक होते. भुवई बदकाचेच पाहा. त्याचा नर रंग धरायला बराच वेळ घेतो. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच्या तपकिरी डोक्यावर, डोळ्याच्या वरून मानेकडे उतरणारी पांढरी कोर इतकी ठसठशीत होते की दुरूनही घोटाळा होत नाही. याच सुमारास काळ्या शेपटीचा पाणटिवळा या लांब चोचीच्या पाणपक्ष्याच्या मानेवर विटकरी छटा चढू लागते. पिवळ्या धोब्याची गंमत तर याहून मोठी आहे: हिवाळ्यात फिकट असलेल्या नराची छाती हळदीसारखी पिवळी होते आणि डोक्याचा रंग, मग तो करडा असो वा काळा, उठून दिसू लागल्याने त्याची उपजात सांगता येते. जानेवारीत असा निर्वाळा देणाऱ्यावर मी तरी सहसा विश्वास ठेवत नाही.

या बदलांना आणि प्रस्थानाला मुख्य इशारा देतो तो वाढत जाणारा दिवस. प्रवासापूर्वी पक्षी अधाशासारखे खातात, कारण अंगावर साठवलेली चरबी हेच त्यांचे इंधन असते. येथे अधूनमधून दिसणाऱ्या पट्टकादंब हंसांना पुढे हिमालय ओलांडायचा असतो. उपग्रह-यंत्रे बसवलेल्या हंसांपैकी काहींनी 7,000 मीटरहून अधिक उंची गाठल्याची नोंद आहे. म्हणून चरणारा थवा दिसला तर छायाचित्रासाठी त्याला उठवू नये.

एक विनंती नोंदींविषयी. पक्षी पहिल्यांदा दिसल्याची तारीख सगळेच हौसेने लिहितात, शेवटची मात्र क्वचितच कुणाकडे असते, कारण ती शेवटची होती हे नंतरच कळते. त्यासाठी मार्च-एप्रिलमध्ये, थवे विरळ झाल्यावरही, चापडगावच्या बाजूला फेरी मारत राहावे आणि भुवई बदक दिसले नाही, तर ‘दिसले नाही’ असेही तारखेसह वहीत लिहावे.