वायरीतल्या चार खोल्यांचा पत्ता

[दृश्य: जुलै महिना. कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या. पडवीत लॅपटॉप, शेजारी दोनशे पानी वही.]

मालवणहून तारकर्लीकडे निघालं की वाटेत वायरी लागते. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद, पाण्यातले खेळ बंद. पाहुणा एखादाच. चार खोल्यांचं घरगुती निवास चालवणाऱ्या मावशींना वर्षात सवड मिळते ती आत्ताच. भाचीने मे महिन्यात त्यांची वेबसाइट उभी केली. ती लोकांच्या नजरेस पडावी म्हणून दोघी आता एकेका ऑनलाइन डिरेक्टरीत, म्हणजे व्यवसायांच्या आणि वेबसाइटींच्या यादीत, स्वतःच्या हाताने नोंद करायला बसल्या आहेत.

सुरुवात वहीपासून. पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन. इतकंच, पण त्यात अख्खी सकाळ गेली. वायरीचा ‘वा’ इंग्रजीत व्ही काढून लिहायचा की डब्ल्यू? शेवटी आय की वाय? लाइटबिलावर एक स्पेलिंग, रेशनकार्डावर दुसरं. सर्च इंजिन ठिकठिकाणच्या नोंदी ताडून बघतं. नाव, पत्ता, नंबर जुळले तर त्याला खात्री पटते की हे घर एकच. एका जागी वाडीचं नाव, दुसऱ्या जागी नुसतं ‘मालवण’ असं झालं, की एकाच घराच्या दोन नोंदी होतात आणि पाहुणा चुकीची उघडतो. मावशींनी निकाल दिला, “खयचाव एक लिही, पण सगळीकडे ताच लिही. गिऱ्हाईक रातच्याक इला तरी तेका घर गावाक होया.”

[दृश्य: स्क्रीनवर उपग्रहातून दिसणारी वाडी. माडांचे शेंडे, मधे विहिरीचं गोल तोंड.]

गूगलच्या नकाशाने खूण आपसूक टाकली ती शेजारच्या भातखाचरात. भाचीने चित्र मोठं केलं. कौलं सगळ्यांची सारखीच, म्हणून मावशींनी आधी विहीर ओळखली, मग फणस, मग आपलं खळं. बोटाने खूण ओढत फाटकापाशी आणली. या कामात हाताचं महत्त्व कुठे आहे, ते मला तिथे दिसलं. ही विहीर कुणाची, हे वायरीबाहेर कोण सांगणार?

एके काळी डिरेक्टरी म्हणजे इंटरनेटची अनुक्रमणिका होती. याहूची 1994 साली सुरू झाली, 2014च्या अखेरीस बंद पडली. 1998 सालच्या डीमॉझमध्ये स्वयंसेवक संपादक एकेक वेबसाइट उघडून वाचायचे आणि योग्य विभागात लावायचे. 17 मार्च 2017 रोजी तीही थांबली. आता सर्च इंजिनं पानं स्वतः हुडकतात. साइटमॅप, म्हणजे आपल्या वेबसाइटच्या पानांची यादी, गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात दिला की तेवढ्यापुरतं काम होतं. तरी डिरेक्टऱ्या हव्यात, कारण मुंबई-पुण्याचा माणूस जेवण, खोली, होडी शोधतो तो नकाशावर आणि पर्यटनाच्या यादीत. जिथे असा माणूस खरोखर येतो, तेवढ्याच जागा निवडाव्यात. मावशींच्या वहीत अकरा नावं आहेत. मला ती पुरेशी वाटतात.

हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या घरच्या खानावळीसाठी आम्ही एकाला पैसे मोजून ‘पाचशे डिरेक्टऱ्यांत नोंद’ घेतली होती. फोनचा एक आकडा चुकला, आणि ती चूक सगळीकडे पसरली. लोक भलत्याच घरी फोन करत राहिले. दुरुस्तीला गेलो तर निम्म्या जागांचा लॉगिनच आमच्याकडे नव्हता. शिवाय निव्वळ लिंका वाढवण्यासाठी केलेल्या असल्या भाराभर नोंदींना गूगल स्पॅम मानतं. 2012 साली शोधाच्या पद्धतीत केलेल्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलापासून त्याने त्यावर कडक नजर ठेवली आहे. म्हणून वहीत प्रत्येक नावापुढे तारीख, लॉगिन आणि वापरलेला ईमेल लिहिलेला पाहिला, तेव्हा मला फार बरं वाटलं.

[दृश्य: मोबाइलवरचं चित्रण. ओला चिरा, तुळशीवृंदावन, पाटी.]

जागा खरी आहे हे पटवायला गूगलने व्हिडिओ मागितला. सलग, न कापलेला, निदान तीस सेकंदांचा. रस्ता दिसला पाहिजे, पाटी दिसली पाहिजे, आणि जागा आपल्याच ताब्यात आहे हेही. भाची डांबरी रस्त्यावरून चालत निघाली. डोक्यावर छत्री धरून मावशी मागे. पाणंद, फाटक, पाटी. मग मावशींनी कमरेची किल्ली काढून पहिल्या खोलीचं कुलूप उघडलं. पहिल्या वेळी रेंज गेली आणि व्हिडिओ चढलाच नाही. दुसऱ्या वेळी पाटीवर पावसाचे थेंब. मावशींनी पदराने पाटी पुसली, आणि पुन्हा रस्त्यापासून सुरुवात.

पुढच्या डिरेक्टरीला ओटीपी हवा. नंबर काकांचा, आणि काका लावणीला. गुडघाभर चिखलात, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी मेरेवरच्या दगडाखाली.

[दृश्य: पडवीच्या टोकाला उभी भाची. समोर हिरवं-चॉकलेटी खाचर.]

“काकानू, मेसेज इलो काय बघा!”

काका हातातला तरवा खाली ठेवतात, हात इरल्याला पुसतात, पिशवीची गाठ सोडतात. मग भर पावसात एकेक आकडा मोठ्याने येतो. चार. शून्य. नऊ. भाची ओरडून परत म्हणते, मावशी वहीच्या कोपऱ्यात टिपतात. सहावा आकडा वाऱ्यात विरतो. काका तो पुन्हा सांगतात.