प्रजासत्ताकावर प्रजासत्ताकाच्या तोफा

श्रोतेहो, नमस्कार.

इटलीचा क्रांतिकारक मॅझिनी, हे नाव आपल्याकडच्या जुन्या पिढीला घरचं होतं. सावरकरांनी १९०७ साली त्याचं लेखन मराठीत आणलं, आणि सरकारनं ते जप्त केलं. पण हा जन्मभराचा परागंदा माणूस प्रत्यक्ष राज्यकारभाराला बसला तो जेमतेम तीन महिने. रोममध्ये, १८४९ साली.

तेव्हा रोमवर राज्य पोपचं होतं. आदल्या नोव्हेंबरात पोप पायस नववे साध्या पाद्र्याच्या वेशात रोमहून निसटले होते. मग प्रौढ पुरुषांच्या मतदानानं सभा निवडली गेली आणि ९ फेब्रुवारीला प्रजासत्ताक जाहीर झालं. मामेली नावाच्या एकवीस वर्षांच्या कवीनं मॅझिनीला तीनच शब्द धाडले: 'रोम! प्रजासत्ताक! या!' मॅझिनी आला.

पुढं जे घडलं ते मला आजही खुपतं. हे प्रजासत्ताक मोडायला फौज आली ती फ्रान्सची. म्हणजे वर्षभरापूर्वीच राजाला पळवून लावून स्वतः प्रजासत्ताक झालेल्या फ्रान्सची! आपलं बळ कुठल्याही जनतेच्या स्वातंत्र्याविरुद्ध वापरणार नाही, असं त्यांच्या राज्यघटनेत लिहिलेलं होतं. पण अध्यक्ष लुई नेपोलियनला पोपला परत गादीवर बसवून देशातल्या कॅथलिकांना खूश ठेवायचं होतं. शब्द कागदावर राहिले, तोफा निघाल्या.

३० एप्रिलचा पहिला हल्ला फसला. ज्या वेशीतून घुसायचं ठरलं होतं, ती केव्हाच भिंत घालून बुजवलेली निघाली! नकाशा जुना होता म्हणे. प्रजासत्ताकाच्या बाजूनं लढणाऱ्या गॅरिबाल्डी या सेनानीच्या माणसांनी फ्रेंचांना पिटाळलं. मॅझिनीनं मात्र कैद्यांना सोडून दिलं. फ्रेंच जनता आपलीच, अशी त्याची समजूत. जूनमध्ये फ्रेंच जादा कुमक घेऊन परतले आणि महिनाभर शहर भाजून काढलं.

तिकडे तोफा चालू असताना सभा राज्यघटना लिहीत होती. फाशी रद्द, धर्म कुठलाही असो, नागरी हक्क सारखे. ३ जुलैला फ्रेंच फौज शहरात शिरत होती, आणि त्याच दिवशी कॅपिटोलच्या टेकडीवर ती घटना जाहीर वाचली गेली. अंमल एका दिवसाचाही नाही.

मामेली ६ जुलैला गेला. रोमच्या लढाईत झालेली पायाची जखम चिघळली, पाय कापूनही वाचला नाही. त्याचंच गाणं इटलीनं १९४६ साली, राजेशाही गेल्यावर, राष्ट्रगीत म्हणून घेतलं. तेही तात्पुरतं. कायद्याचा शिक्का बसायला २०१७ उजाडलं.