ठोसा टाचेतून निघतो

(दृश्य: फोंड्यातला संध्याकाळचा कराटे वर्ग. मागच्या पायाची टाच, अगदी जवळून.)

ठोसा समजून घ्यायचा तर मुठीवरची नजर काढा. या मुलीची मागची टाच पाहा. टाचेने लादीवर रेटा दिला, गुडघा सरळ होऊ लागला, त्या बाजूचा खुबा पुढे आला, पट्ट्याची गाठ बाजूला होती ती समोर वळली. मूठ अजून बरगडीपाशीच आहे. ती निघते सगळ्यांत शेवटी.

हा ग्याकू-झुकी, म्हणजे मागच्या हाताचा ठोसा. डावा पाय पुढे, ठोसा उजव्या हाताचा. जपानमधल्या ओकिनावा बेटावरच्या कराटेगुरू गिचिन फुनाकोशींनी १९२२ साली टोकियोत कराटेचं प्रात्यक्षिक दाखवलं. त्यांच्या परंपरेतून वाढलेल्या शोतोकान शैलीत खुब्याच्या या फिरण्यावर फार भर असतो, आणि त्याला कारण आहे.

हाताचे स्नायू लहान असतात. शरीरातला सर्वांत मोठा स्नायू नितंबात आहे. नितंब आणि मांडी मिळून जमीन ढकलतात, जमीनही तेवढंच उलट ढकलते. हा जोर मुठीपर्यंत न्यायची वाट खुब्यातून जाते. खुबा आधी फिरतो, खांदा क्षणभर मागे राहतो, मधले पोटाचे तिरके स्नायू ताणले जातात. मग खुबा थांबतो. हे थांबणं फार मोलाचं, कारण तेव्हाच त्याचा वेग छातीला मिळतो, छातीचा खांद्याला, खांद्याचा कोपराला. खुबा फिरतच राहिला तर जोर भलतीकडे जातो आणि तोलही सुटतो.

खांदा आणि खुबा एकाच वेळी पुढे आले, तर पॅड नुसतं ढकललं जातं. नवशिक्यांचं नेमकं तेच होतं.

(दृश्य: मांडवीचा काठ. पागेर टाकणारा मच्छीमार.)

शिशाच्या गोळ्यांनी जड झालेलं हे ओलं जाळं नुसत्या हातांनी फेकलं, तर गोळा होऊन पाण्यात पडेल. मच्छीमार आधी पाय रोवतो, अंग मागे वळवतो, मग कमरेतून झोका देतो. हात शेवटी सुटतात, आणि पागेर हवेत गोल उघडतो.

(दृश्य: पुन्हा वर्ग.)

सरांनी मुलीच्या कमरेला जादा पट्टा घातला आहे. त्याची दोन्ही टोकं मागच्या मुलाच्या हातात, तो ताण धरून उभा. मुलीचे हात छातीशी घडी. ठोसा नाहीच.

"बाय, खांदा राहू दे मागे. आधी खुबा."

पट्टा ताणला जातो, खुबा तसूतसूने पुढे येतो. काही वेळाने सर मुलाला पट्टा सोडायला सांगतात. आता अडवणारं काही नाही, आणि खुबा एकदम वळतो. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य स्पष्ट दिसतं.

इथे एक धोका सांगायलाच हवा. "कंबर फिरव" एवढंच ऐकलं की मुलं पाठ पिळतात. कमरेच्या मणक्यांना फिरकी फार थोडी असते. ती खुब्याच्या सांध्यात आहे. मावाशी-गेरी, म्हणजे गोल लाथ मारताना तर आणखी जपायला हवं. उभ्या पायाची टाच लक्ष्याकडे वळली, तरच खुबा मोकळा फिरतो. फोमच्या मॅटवर तळवा चिकटून राहिला, तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो, आणि गुडघ्याला पीळ सोसत नाही. म्हणून चवड्यावर फिरायचं. दहा-बारा वर्षांच्या मुलांकडून पहिल्याच महिन्यात जोराच्या लाथा मारून घेणं मला अजिबात पटत नाही. आधी सावकाश, आकडे मोजत, प्रत्येक टप्प्यावर थांबत. जोर मागाहून येतो.

उजवी बाजू बसली तरी काम अर्धंच झालं. डावा खुबा आखडलेला असेल, तर तो वळायच्या आधी खांदाच पुढे धावतो. सर पाय बदलायला सांगतात, आणि मोजणी पुन्हा 'इची'पासून, म्हणजे जपानी एकपासून सुरू होते.