जर्मनमध्ये क्रियापद आणि विशेषणाचं नाम कसं करायचं, मराठीतून समजून घ्या

नमस्कार मंडळी! जर्मन शिकताना आपण सगळं इंग्लिशमधून समजून घ्यायला जातो ना, तिथेच हा टॉपिक अवघड होतो, कारण यात मराठी जास्त कामाला येते.

आधी क्रियापद घेऊ. श्विमन म्हणजे पोहणे. याचं नाम करायचं तर काहीच जोडायचं नाही, फक्त पहिलं अक्षर कॅपिटल करायचं आणि आर्टिकल, म्हणजे नामाआधी लागणारा लिंग दाखवणारा शब्द (पुल्लिंगी डेअर, स्त्रीलिंगी डी, नपुंसकलिंगी डास), कायम डास. डास श्विमन, डास लेझन, डास एसन. आपल्याकडेही ते पोहणं, ते वाचणं, सगळं नपुंसकलिंगीच, बघा किती सरळ! बाइम एसन म्हणजे जेवताना, आणि हे बाइम बोलताना सारखं लागतं, म्हणून आत्ताच तोंडात बसवा.

शेवटी उंग, हाइट किंवा काइट जोडून झालेलं नाम असेल तर डी. व्होनेनपासून डी व्होनुंग म्हणजे घर, फ्रायपासून डी फ्रायहाइट म्हणजे स्वातंत्र्य, म्योगलिशपासून डी म्योगलिशकाइट म्हणजे शक्यता. प्रत्यय ओळखला की लिंग कळलं, वेगळं पाठ करू नका.

आता विशेषण, आणि इथे मला जरा थांबायचंय कारण लोक इथेच सगळ्यात जास्त अडकतात. इंग्लिशमध्ये नुसतं ओल्ड म्हणून एक माणूस दाखवता येत नाही, पुढे मॅन किंवा पर्सन लावावं लागतं. मराठीत आपण सरळ म्हातारा, म्हातारी म्हणतो. जर्मनही तसंच, डेअर आल्टे, डी आल्टे. पण हे नाम झालं तरी आतून विशेषणच राहतं, म्हणजे शेपूट बदलत राहतं. म्हाताराचं म्हाताऱ्याला होतं तसं डेअर आल्टेचं डेम आल्टन होतं, आणि आइन, म्हणजे एक, लावलं की आइन आल्टर. डेअर डॉइचे, म्हणजे जर्मन माणूस, पण आइन डॉइचर, हेही त्याच नियमाने.

वस्तू किंवा कल्पना असेल तर डास गूटे, म्हणजे जे चांगलं ते. एटव्हास (काहीतरी) आणि निश्ट्सनंतर (काहीच नाही) शेवटी एस येतो, एटव्हास नॉयेस म्हणजे काहीतरी नवीन, निश्ट्स नॉयेस म्हणजे नवीन काहीच नाही. आलेसनंतर (सगळं) मात्र नुसता ए, म्हणून वाढदिवसाला आलेस गूटे म्हणतात.

आणि हो, इंडर म्हणजे भारतीय पुरुष, हा शब्द विशेषणापासून आलेला नाही, त्यामुळे डेअर इंडर, आइन इंडर, दोन्हीकडे तसाच राहतो, त्याला डॉइचरसारखं वळवू नका.