निगेटिव्हवरची पेन्सिल

नमस्कार मंडळी. जेवणं आटोपली असतील, भांडी निथळत ठेवली असतील, तर पाच मिनिटं माझ्यापाशी बसा.

आज रंगाबद्दल बोलायचं आहे. बायकांच्या रंगाबद्दल. मुलगी झाली म्हटलं की बारशाच्या आधीच शेजारीण विचारते, "रंग कोणाचा घेतलान?" तिथून जे सुरू होतं ते बोहल्यापर्यंत.

साल १९७९. आम्ही गोव्यात बांदोड्याला राहायचो. ताईसाठी स्थळं बघत होते, म्हणून आई तिला फोंड्याच्या एका स्टुडिओत घेऊन गेली. मी दहा वर्षांची, पदर धरून मागे. ताई सावळी. केसांत अबोलीची फाती. हल्ली मंगल कार्यालयांत प्लास्टिकच्या वेण्या दिसतात ना, त्या मला अजिबात आवडत नाहीत. अबोलीला वास नसेना का, काळ्याभोर केसांत ती जशी शोभते तसं दुसरं फूल नाही. असो.

फोटो काढून झाल्यावर स्टुडिओवाल्या काकांनी आईला विचारलं, "रंग थोडा खुलवू?" आई म्हणाली, "खुलवा." तीन रुपये जादा. तेव्हाचे फोटो काळेपांढरे. काका टोकदार पेन्सिल घेऊन निगेटिव्हवर चेहऱ्याच्या जागी बारीक बारीक गिरवायचे. निगेटिव्हवर जितकं गडद, कागदावर चेहरा तितका उजळ. ऐकलंत ना? निगेटिव्हवर पेन्सिल काळी, म्हणून फोटोत मुलगी गोरी.

तो फोटो मडगावच्या एका घरी गेला. ती माणसं आली. पोहे झाले, ताई चहा घेऊन आली. मुलाच्या आईने पिशवीतून फोटो काढला, ताईकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि विचारलं, "ही हिची बहीण का?"

आई जमिनीकडे बघत राहिली. आठवड्याने नकार आला.

ताई रडली नाही. दोन दिवस आरशासमोर मात्र गेली नाही, वेणी अंदाजाने घालायची. तिसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन ती फोंड्याला गेली. काकांना म्हणाली, "माझ्या तोंडावरची पेन्सिल पुसा."

"बाय, असला फोटो दिलास तर लग्न जमायचं नाही."

"पुसा. मी बसते."

आणि बसली. काकांनी निगेटिव्ह शोधलं, कापसाच्या बोळ्याने पेन्सिल काढली. एवढंसं काम. नवा फोटो ती इतका वेळ बघत राहिली की आमची परतीची बस चुकली. पुढे सगळीकडे तोच फोटो गेला. लग्न जमायला चार वर्षं लागली, आणि त्या चार वर्षांत आईला किती जणींनी काय काय सुनावलं ते मी ऐकलंय.

आता क्रीमबद्दल थोडं. फेअर अँड लव्हली बाजारात आलं १९७५ मध्ये. २०२० मध्ये त्याचं ग्लो अँड लव्हली झालं. एक शब्द काढायला पंचेचाळीस वर्षं लागली, याचा मला राग आहे. त्वचेत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य जास्त असतं म्हणून आपण सावळ्या. ते आपल्याला उन्हापासून राखतं.

हळद-साईबद्दल मी बोलत नाही, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मला भीती वाटते ती स्टेरॉइडच्या मलमांची. गोरं व्हायला म्हणून बायका ती चेहऱ्याला लावतात. आधी चेहरा उजळल्यासारखा वाटतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, नको तिथे केस येतात. थांबवलं की आग होते, म्हणून बाई पुन्हा तेच लावते. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. म्हणून सांगते, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचं मलम चेहऱ्याला लावायचं नाही. मैत्रिणीला लागू पडलं म्हणूनही नाही.

गेल्या चवथीला ताईकडे गेले होते. नातीने गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली आजीबरोबर मोबाइलवर फोटो काढला. ताई चष्मा पुढे ओढून बघत राहिली.

"माझा रंग कुठे गेला गं?"

"आजी, ते फोन आपोआप करतो."

"मग पुसायचं कुठे?"

नातीने जागा दाखवली, ताईने स्वतःच्या बोटाने तो फिल्टर काढला, आणि दोघी पुन्हा माटोळीखाली जाऊन उभ्या राहिल्या.